आवाजाचा माग

देवळाली कॅम्पला लॅम रोडवरच्या एखाद्या जुन्या सॅनेटोरियममध्ये हवापालटासाठी उतरलेला पाहुणा पहिल्या सकाळी दचकतो तो तोफेच्या बाराने. गावातल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. रेंजवर सराव चालू आहे एवढं त्यांना कळतं, तावदानं थरथरून थांबली की ती आपल्या कामाला लागतात. मुक्काम लांबला की पाहुण्याच्या कानालाही सवय होते. बार जवळचा की लांबचा, डोंगराच्या अलीकडचा की पलीकडचा, हे त्याला न पाहता उमगायला लागतं.

तोफखान्यात या कानाच्या कामाचं रीतसर शास्त्र आहे. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग या तरुण शास्त्रज्ञाने ब्रिटिश सैन्यासाठी ते उभं केलं. मायक्रोफोनांची एक रांग लावायची, शत्रूच्या तोफेचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनवर किती फरकाने पोचतो ते मोजायचं आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. अडचण अशी, की साधे मायक्रोफोन बंदुकांच्या कडकडाटाने भरून जात. विल्यम टकर याने १९१६मध्ये तापलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन केला. त्याने तोफेचा खर्ज नेमका वेगळा पकडला. दिसत नाही ते कुठे आहे, केवढं आहे, हे नुसत्या आवाजावरून ठरवण्याची ही विद्या. नभोनाट्य लिहिणारा आणि बसवणारा माणूस ऐकणाऱ्याला हेच करायला लावतो. म्हणून रेडिओनाटकातल्या प्रयोगांचा माग या छावणीपासून काढावासा वाटला.

मराठी मुलखातल्या ब्रिटिश तोफखान्याचा आणि रेडिओचा एक धागा थेट आहे. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश तोफखान्यात. पोराचं बालपण पुण्यात आणि नंतर रंगूनला गेलं. दुसऱ्या महायुद्धात तोही गोलंदाज झाला. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत त्याची गाठ हॅरी सीकोमशी पडली. तोही तोफखान्यातलाच. पुढे पीटर सेलर्स त्यांना मिळाला आणि २८ मे १९५१ला बीबीसीवर जे सुरू झालं ते 'द गून शो' या नावाने २८ जानेवारी १९६०पर्यंत चाललं. पात्रं तीच, पण गोष्ट दर वेळी नवी आणि तिला स्थळकाळाचं कसलंही बंधन नाही. रंगमंचावर जे उभंच करता येणार नाही ते मिलिगन कानात उभं करी. आवाज-परिणामांसाठी तो अक्षरशः भांडत असे. मोज्यात कस्टर्ड भरून ते आपटलं तर हवा तो आवाज येईल, असं वाटलं तर तो ते करून बघे. त्याच्या पात्रांमध्ये हिंदुस्थानी फौजेतला मेजर ब्लडनॉक होता, लालकाका आणि बॅनर्जी ही जोडी होती. छावणीत वाढलेल्या मुलाने ऐकलेला हिंदुस्थान लंडनच्या स्टुडिओत असा पोचला. कष्ट भयंकर होते. लेखनाचा मोठा भार त्याच्याच डोक्यावर. १९५२च्या अखेरीला त्याचं मन कोलमडलं, रुग्णालयात जावं लागलं, आणि तरी तो परत येऊन लिहीत राहिला.

खुद्द देवळालीत युद्धाच्या अखेरीला तोफखान्यातल्या शिपायांची एक करमणूक मंडळी होती आणि तिच्यात जिमी पेरी होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडलेल्या पलटणींसाठी हे लोक मिळेल त्या सामानात खेळ उभे करत. त्याच आठवणींवरून पेरीने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीची दूरचित्रवाणी मालिका लिहिली. तिची सुरुवातीची भूमीच देवळाली आहे. इथल्या माणसांची तिने केलेली थट्टा मला रुचत नाही. एका गोऱ्या नटाला रंग फासून हिंदी नोकर करणं तर मुळीच नाही. पण या मालिकेत कॅप्टन अॅशवूडचं काम करणाऱ्या मायकेल नोल्सने पेरी-क्रॉफ्ट यांची आधीची 'डॅड्स आर्मी' हॅरल्ड स्नोडच्या जोडीने रेडिओसाठी बसवून लिहिली, आणि दृश्यातला विनोद संवादात कसा आणायचा याचा तो चांगला धडा आहे.

प्रयोगाला मात्र विनोदाहून मोठी मोकळीक लागते. १५ जानेवारी १९२४ला बीबीसीने रिचर्ड ह्यूजचं 'डेंजर' प्रसारित केलं. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसं काळोखात अडकतात. श्रोत्यांनीही घरातले दिवे मालवून ऐकावं अशी सूचना होती. दिसत नाही ही रेडिओची उणीव पहिल्याच फटक्यात गोष्टीचा विषय झाली. अमेरिकेत सीबीएसने १९३६मध्ये 'कोलंबिया वर्कशॉप' सुरू केलं. दर आठवड्याला वेगळं नाटक, वेगळा लेखक, वेगळी रीत. त्यामागे होता अर्व्हिंग रीस हा मूळचा तंत्रज्ञ. ११ एप्रिल १९३७ला त्यांनी आर्चिबाल्ड मॅक्लिशचं पद्यनाटक केलं, जेता येण्याआधीच शरण जाणाऱ्या शहराचं. चौकातल्या जमावाचा घुमारा स्टुडिओत मिळेना, म्हणून प्रक्षेपण न्यूयॉर्कमधल्या एका रेजिमेंटच्या भल्यामोठ्या आर्मरीतून झालं. निवेदकाच्या भूमिकेत ऑर्सन वेल्स होता. बेकेटने बीबीसीसाठी लिहिलेलं 'ऑल दॅट फॉल' १३ जानेवारी १९५७ला लागलं. त्यातले गाईगुरांचे आवाज निर्माता डोनल्ड मॅकविनी याने माणसांकडूनच काढून घेतले, कारण त्याला खरी गुरं नको होती, नाटकातल्या म्हातारीच्या कानातली गुरं हवी होती. अशाच गरजांतून १९५८मध्ये बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप उभा राहिला.

'कोलंबिया वर्कशॉप'ला जाहिरातदार नव्हता आणि बीबीसीवर तर जाहिरातच नव्हती. वेळ ठरलेली, पण त्या वेळेत काय करायचं याची सक्ती नाही. माझ्या मते प्रयोगशील नभोनाट्याचं मूळ प्रतिभेइतकंच या व्यवस्थेत आहे.

ती व्यवस्था आपल्याकडेही होती. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर १९४१-४२च्या सुमारास मंटो, कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क अशी माणसं नोकरीत होती. मंटोने तिथल्या दीड-पावणेदोन वर्षांत शंभराच्या आसपास नाटकं लिहिली. ती पुस्तकांत आली म्हणून आज वाचता तरी येतात. मुंबई केंद्राने १९५५ साली 'वेडी माणसं' ही एकांकिका लावली, तेव्हा तिचा लेखक रत्नाकर मतकरी जेमतेम सतरा वर्षांचा होता. कोणत्या नाटक कंपनीने त्या वयात त्याला उभं केलं असतं? पुण्यात सई परांजपे यांची सुरुवात आकाशवाणीवर निवेदिका म्हणून झाली.

१९५५ सालीच, १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. बावन्न आठवड्यांचा बेत होता. अधिक महिन्यामुळे गीतं छप्पन झाली. आपण ते गाण्यांच्या खात्यात टाकून मोकळे झालो. मला ते मराठीतलं सर्वांत मोठं रेडिओनाटक वाटतं. दर आठवड्याला एक प्रसंग, प्रत्येक गीत कुणा पात्राच्या किंवा निवेदकाच्या तोंडी, मूळ प्रसारणात गायक-गायिकाही निरनिराळे: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, आणि अयोध्या, अरण्य, लंका सगळं जागच्या जागी.

मुंबईची बाब वेगळी. तिथे रोजच्या जगण्यातून नाटक निघालं. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभु आणि पंत म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसांचं घर, विषय रोजच्या व्यवहारातला. नीलमताईंच्या आवाजात वहिनी उंबऱ्यातून बोलते की स्वयंपाकघरातून, हे श्रोत्याला सांगावं लागत नसे. ही कामगिरी मायक्रोफोनपासूनच्या अंतराची. नट अर्धं पाऊल मागे सरला, तोंड जरा वळवलं, की ऐकणाऱ्याच्या मनात भिंत उभी राहते. थेट प्रसारणात हे एकदाच आणि बिनचूक करायचं. कपबशी वाजवणारा, दार लावणारा, रेकॉर्डवरचा पाऊस वेळेवर चढवणारा आणि उतरवणारा, हे सगळे त्या नाटकाचे नटच होते. बबन प्रभुंनीही याच केंद्रावर नोकरी केली. त्यांच्या रंगमंचावरच्या फार्सांतलं संवादांचं टायमिंग मला मायक्रोफोनपुढे घडलेलं वाटतं.

आणि मग 'हवामहल'. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. हिंदीतल्या छोट्या नाटिकांचा हा कार्यक्रम देशभरातल्या केंद्रांच्या निर्मितीवर पोसला. संध्याकाळी 'जयमाला' लागे, फौजी भाइयोंची फर्माइश, आणि आठच्या सुमाराला 'हवामहल'. देवळालीसारख्या छावणीत हा क्रम अगदी सोयीचा. केरळचा, गढवालचा, साताऱ्याचा जवान एकाच ट्रान्झिस्टरभोवती. आजचं नाटक हसवेल की घाबरवेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसे.

१ नोव्हेंबर १९६७ला मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रायोजित मालिका आल्या, त्यांतल्या काही चांगल्याही होत्या. पण प्रायोजकाला पुढच्या आठवड्यात तीच पात्रं आणि तोच श्रोता हवा असतो. दर वेळी नव्याने सुरुवात करणारं नाटक त्याच्या हिशेबात बसत नाही.

झालेल्यातलं तरी किती राहिलं? सुरुवातीचं सगळं थेट प्रसारण, म्हणजे हवेत गेलेलं. पुढे टेप आली, पण ती महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची. संहिता फायलीत. लेखक नावाजला तर श्रुतिका पुस्तकात येते, पण स्टाफ आर्टिस्टचं, ध्वनिपरिणाम देणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. ही माणसं आपल्या नाट्येतिहासात नाहीत, आणि मला ते सहन होत नाही. नाटक कंपन्यांच्या जाहिराती आणि हिशेबाच्या वह्या आपण जपल्या, त्यांवर प्रबंध लिहिले. रेडिओचा असा एक ऐवज अजून हाताशी आहे. १९३५च्या डिसेंबरपासून 'द इंडियन लिसनर' हे कार्यक्रमपत्रक निघत होतं, पुढे तेच 'आकाशवाणी' झालं. त्यात केंद्रवार, दिवसवार कार्यक्रम छापलेले आहेत. मुंबईचं पान काढायचं, मराठी नाटकाची ओळ शोधायची, वेळ आणि लेखक टिपायचा, मग पुढचा अंक उघडायचा. विद्यापीठातल्या कुणी दोघा-तिघांनी मिळून हे काम हाती घेतलं, तर मराठी नभोनाट्याची पहिली सूची तयार होईल. ज्यांनी ते आवाज काढले किंवा काढताना पाहिले, त्यांच्यातली थोडी माणसं अजून आहेत. सूचीतलं एकेक नाव घेऊन त्यांच्यासमोर बसायचं, ते त्यानंतर.