विकायच्या फ्लॅटचा पॅसेज: रंगाबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

फ्लॅट विकायला काढला की हॉलला नवा रंग लागतो, ओटा घासूनपुसून लख्ख होतो आणि पॅसेजच्या वाट्याला हॉलमधून उरलेला डबा येतो. ‘जायची-यायची जागा, तिथे कोण बघतं?’ हा पहिला गैरसमज, आणि तो पैशांत मोजता येतो. २०१६च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस वगळले आहेत; घराच्या आतला पॅसेज वगळलेला नाही. साडेतीन फूट रुंद आणि बारा फूट लांब पॅसेज म्हणजे ४२ चौरस फूट. चौरस फुटाला १०,००० रुपये दर धरला तर ही ४ लाख २० हजारांची जागा झाली. घेणारा तिचे पैसे बेडरूमच्याच भावाने मोजतो. शिवाय घर बघताना प्रत्येक खोलीत शिरताना आणि बाहेर पडताना तो इथूनच जातो.

दारं वजा केली तर अशा पॅसेजच्या दोन्ही भिंती मिळून साधारण दीडशे चौरस फूट भरतात. गुळगुळीत भिंतीवर दोन हात मारायला दोन लिटरच्या आत रंग लागतो. तेवढ्यासाठी उरल्यासुरल्या डब्यावर भागवू नये.

‘मग पांढरा लावून टाका, पांढरा सगळ्यांनाच चालतो, जागाही मोठी दिसते.’ हे एजंट सांगतो, रंगारी सांगतो, शेजारीही सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. भिंत उजेड तयार करत नाही, आलेल्या उजेडातला काही भाग परत फेकते. शुभ्र पांढरा रंग ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो, फिकट ऑफ-व्हाइट साधारण ७० ते ७५ टक्के. हॉलपासून बेडरूमपर्यंत जाणाऱ्या पॅसेजला बहुतेक फ्लॅटमध्ये खिडकीच नसते. जिथे उजेडच तुटपुंजा, तिथे त्यातला ८० टक्के परत आला तरी तुटपुंजाच. अशा अंधुक जागी पांढरा रंग पांढरा न दिसता राखाडी दिसतो, कोपऱ्यांत तर मळकट.

दुसरी अडचण खाली असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या असंख्य फ्लॅटमध्ये आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. स्कर्टिंगच्या वर शुभ्र पांढरी भिंत आली की तीच चांगली टाइल पिवळी पडल्यासारखी वाटते. घेणारा मनातल्या मनात फरशी बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला लागतो, आणि फरशीत खरं तर काहीच दोष नसतो. त्याच भिंतीला दुधात थेंबभर चहा पडावा इतक्या किंचित छटेचा ऑफ-व्हाइट लावला, तर टाइल, सागवानी चौकट आणि भिंत एकमेकांना धरून दिसतात. फरशी थंड करड्या रंगाची असेल, तर ऑफ-व्हाइटही किंचित करड्याकडे झुकणारा घ्यावा. रंगाचा निर्णय फरशी आणि दारांकडे बघून घ्यायचा, कारण ती बदलणार नाहीत.

रंगाच्याही आधी दिवा बदलावा, हे मी आग्रहाने सांगेन. नेहमीच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबचा उजेड ६५०० केल्विनचा, निळसर असतो. त्यात बदामी छटा फिकुटलेल्या आणि करड्या छटा निळ्या दिसतात. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा बदामी रंगाला आणखी पिवळा करतो. पॅसेजसाठी ४००० केल्विनचा दिवा मध्यम पडतो. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. आधी तो दिवा लावावा आणि त्याच्याच उजेडात रंग निवडावा.

‘शेड कार्डावर जो रंग आवडला तोच भिंतीवर येतो’ हा समज तर पॅसेजमध्ये हमखास फसवतो. अरुंद जागेत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात. त्या उजेडात भिंतीचा रंग मिसळलेला असतो, म्हणून रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक भासतो. कार्डावरची हलकी पीच छटा पॅसेजमध्ये चक्क नारिंगी वाटते ती यामुळेच. मनात जी छटा असेल तिच्याहून एक पायरी फिकट घ्यावी. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारून, पूर्ण वाळू द्यावेत. मग तो तुकडा फरशीला टेकवून, चौकटीशेजारी धरून आणि टोकाच्या भिंतीवर लावून पाहावा: दुपारी बेडरूमची दारं उघडी ठेवून, आणि संध्याकाळी दिवा लावून. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये, कारण इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं.

गडद रंगाने जागा लहान दिसते, हे साधारणपणे खरं आहे. लांब, बोगद्यासारख्या पॅसेजमध्ये मात्र फक्त टोकाची भिंत एक-दोन पायऱ्या गडद ठेवली तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि लांबट आकार सुसह्य होतो.

चकाकीबद्दलचा समज याच्या उलट. ‘चमकणारा रंग नवा दिसतो.’ पॅसेजमधला दिवा भिंतीच्या अगदी जवळ असतो, त्याचा उजेड भिंतीवरून तिरका घसरतो आणि चकचकीत रंगावर लांबीची प्रत्येक लाट, प्रत्येक पॅच उठून दिसतो. धुता येणारं मॅट किंवा अगदी हलक्या चमकेचं इमल्शन घ्यावं. स्विचबोर्डभोवतीचे हाताचे डाग त्यावरून पुसता येतात. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण डाग पुसायला गेलं की डागासोबत रंगही निघून येतो.

आता सगळ्यांत महागात पडणारा समज: ‘ओल आहे ना, वरून रंग मारला की दिसणार नाही.’

पॅसेजची एक भिंत पुष्कळदा बाथरूमची पाठ असते. स्कर्टिंगच्या वर फूट-दीड फूट रंग फुगलेला असतो. नखाने दाबलं की पोपडा सुटतो आणि आतून पांढरी भुकटी पडते. ती भुकटी म्हणजे क्षार. पाणी विटांतून आणि गिलाव्यातून झिरपताना त्यांना विरघळवून आणतं, भिंतीबाहेर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरून लांबी भरून रंग दिला तरी पाणी येतच राहतं, क्षार रंगाच्या पापुद्र्याखाली साठतात आणि त्याला बाहेर ढकलतात. ‘ओलरोधक’ रंग पॅसेजच्या बाजूने लावूनही उपयोग होत नाही, पाणी पाठीमागून येत असतं. इलाज बाथरूममध्ये आहे: टाइल्सचे सांधे, नहाणी ट्रॅपच्या भोवतीची जागा, भिंतीतला पाइप. गळती थांबल्यावर भुसभुशीत गिलावा काढून नवा करायचा, तो वाळू द्यायचा, मग प्रायमर. भिंत वाळली का हे बघायला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून दव धरलं तर अजून थांबा.

हे फक्त रंग टिकण्यापुरतं नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यावर स्पष्ट जबाबदारी टाकतं: मालमत्तेतला मोठा दोष त्याला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नसेल, तर तो दोष सांगितलाच पाहिजे. असा दोष दडवणं हे कलम कपट मानतं. समोरचं कुटुंब वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन त्या घरात येतंय, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्यासमोर पोपडे पडणार हे माहीत असताना त्यावर गुलाबी रंग फासणं मला कदापि पटत नाही. दुरुस्ती करा, जमत नसेल तर सांगा आणि किमतीत धरा.

घर जुनं असेल तर चौकटींचं बघा. पॅसेजमध्ये चार-पाच चौकटी असतात आणि त्यांच्यावर जुन्या ऑइलपेंटचे थर असतात. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ते कोरडे घासू नयेत. पाणी लावून घासावेत, मास्क घालावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं.

वास्तुशास्त्राप्रमाणे रंग निवडावा का, असंही विचारलं जातं. घेणारा कोण, तो काय मानतो, हे आधी कळत नाही. एकाला हवा असलेला हिरवा दुसऱ्याला नको असतो, म्हणून कुठल्याच बाजूला न झुकणारी फिकट छटा दोघांनाही सोयीची.

राहिला भावाचा प्रश्न. ‘चांगल्या रंगाने दोन-तीन लाख जास्त मिळतात’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. फ्लॅटची किंमत परिसर, क्षेत्रफळ, इमारतीचं वय, मजला, पार्किंग आणि कागदपत्रं यांवर ठरते. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरप्रमाणे निघणारं मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर भरावं लागतं. त्या हिशेबात पॅसेजच्या रंगाला कुठेच जागा नाही. रंगाचा फायदा निराळा आहे. मळकी भिंत, फुगलेला कोपरा, काळवंडलेला स्विचबोर्ड या घासाघीस करायच्या जागा असतात, आणि स्वच्छ पॅसेज त्यातली एकेक जागा कमी करतो. तेवढ्यासाठी दोन लिटर रंग आणि रंगाऱ्याची मजुरी हा खर्च करण्याजोगा आहे. काम मात्र घर दाखवायच्या आठ-पंधरा दिवस आधी संपवावं. ताज्या रंगाचा वास आला की घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो: खाली काय होतं?