गंज काढल्यानंतरचा अर्धा तास

मोटारसायकलची टाकी काठोकाठ भरलेली असली की आत गंजाला जागा उरत नाही. ती अर्धी असली की वरच्या अर्ध्या भागात हवा असते आणि हवेत ओल असते. दिवसा पत्रा तापतो, आतली हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. रात्री पत्रा निवतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्यातलं बाष्प पत्र्यावर थेंब धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून थेंब ओघळून तळाशी बसतात. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली, त्यामुळे पाणी तिकडच्या खालच्या कोपऱ्यात साचतं. टाकीचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. गोठ्याच्या आडोशाला गाडीचे दोन-तीन पावसाळे गेले, की तो कोपरा पोखरला जाऊ लागतो.

लातूर जिल्ह्यातलं, बालाघाटच्या पठारावरचं उदगीर बाहेरच्यांना ठाऊक असतं ते १७६०च्या मराठे-निजाम लढाईमुळे, किल्ल्यामुळे आणि जवळच्या देवणीच्या गुरांमुळे. पण दुधाच्या आणि शेतीच्या या मुलखात मोटारसायकलचा आणि तिच्या टाकीचाही एक इतिहास आहे. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून धावणारी राजदूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने वर्षानुवर्षं पाहिली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने ती १९६०च्या दशकात आणली. म्हैसूरची जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी त्याच पिढीची. या टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे, आणि ते ओशट मिश्रण पत्र्याला आतून थोडंफार राखत असे. १९८५मध्ये यामाहा आरएक्स १०० आली, तिचं ऑइल वेगळ्या टाकीत. त्याच वर्षीची हिरो होंडा सीडी १०० तर फोर-स्ट्रोकच. पेट्रोलमधलं ऑइल गेलं आणि पत्र्यावरचा तो ओशटपणाही गेला.

गंजाची पहिली तक्रार टाकीची म्हणून येतच नाही. ‘गाडी मिसिंग मारते’, ‘पिकअप घेईना’ असं सांगत गिऱ्हाईक येतं. मेस्त्री कार्बोरेटर उघडतो, तर फ्लोटच्या वाटीत तांबूस गाळ. जेटचं छिद्र इतकं बारीक की गंजाचा एक कण त्याला पुरतो. कार्बोरेटर साफ केला की गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा बंद पडते. मग टाकी उतरवावी लागते.

सर्वांत जुना उपाय हाताचा. टाकीत बारीक खडी, नट-बोल्ट किंवा साखळीचा तुकडा टाकायचा, थोडं पाणी घालायचं आणि हलवत राहायचं. सुटे पापुद्रे यानं निघतात, पण पत्र्याला धरून बसलेला थर निघत नाही. त्याच्यासाठी आम्ल लागतं. संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त आणि झटपट, पण ते गंज संपला की पत्र्यावर उतरतं. सायट्रिक आम्ल धिमं आणि सौम्य. चिंचेने पितळेचं भांडं उजळतं, तशातलाच हा प्रकार. फॉस्फोरिक आम्लाची करामत वेगळी. ते गंज तर सोडवतंच, शिवाय लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडून जातं. दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं तग धरून आहे, तोही अशाच थरावर. त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचं कवच तयार झालं, असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं होतं.

तिसरा मार्ग विजेचा. टाकीत पाणी भरून धुण्याचा सोडा विरघळवायचा, तोंडातून लोखंडी सळई पत्र्याला न लागेल अशी लोंबती ठेवायची आणि बॅटरी चार्जर जोडायचा. धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला. उलट जोडलं तर सळईऐवजी टाकीच झिजते. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन निघतो, स्टेनलेस स्टीलची सळई लावली तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय हायड्रोजन वायू सुटत राहतो, म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायचं. त्याआधी टाकी धुऊन पेट्रोलची वाफ पूर्ण घालवायची. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण वाफ आणि हवा आत एकत्र असतात. वेल्डिंगची ठिणगी पडली की स्फोट ठरलेला.

इथवरचं काम कोणीही शिकू शकतं. कारागिरी लागते ती पुढच्या अर्ध्या तासात. आम्लाने उघडा पडलेला पत्रा ओला राहिला, तर डोळ्यांदेखत त्याच्यावर पिवळट झाक चढते. म्हणून सोड्याच्या पाण्याने उरलेलं आम्ल मारायचं, स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचं, लगेच कॉम्प्रेसरची हवा द्यायची, कोपरा न् कोपरा सुकवायचा आणि थांबून न राहता ऑइल फिरवायचं. या क्रमात चहाला जागा नाही. कोणी आतून इपॉक्सीचा लेपही देतात, पण कच्च्या पत्र्यावर दिलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि जेटला नवा कचरा मिळतो.

आता गंजाच्या कारणांत इथेनॉलची भर पडली आहे. २०२३पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं, आणि लातूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही इथेनॉल बनतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. रोज फिरणाऱ्या गाडीत ते पाणी इंजिनातून निघून जातं. उभ्या गाडीत ते वाढत जातं, आणि प्रमाण ओलांडलं की इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. जुने लेपही सगळेच इथेनॉलला टिकत नाहीत.

म्हणून जाणता मेस्त्री टाकी उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहतो. तळाचा पत्रा अंगठ्याने दाबून बघतो. दबला तर गंज काढून उपयोग नाही, कारण भोकं त्या गंजानेच बुजलेली असतात. मग मालकाला विचारतो, गाडी रोज चालवणार की उभी ठेवणार? रोज चालणार असेल तर टाकी धुऊन, ऑइल फिरवून पेट्रोल भरून देतो. उभी राहणार असेल तर आधीच सांगून ठेवतो: टाकी काठोकाठ तरी भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून, ऑइल फिरवून झाकण लावा. अर्धी ठेवलीत, तर परत माझ्याकडेच याल.