काशीच्या स्वयंपाकघरातही सजू शकते ग्रीक ताट

वाराणसी : फावल्या वेळात परदेशी पदार्थ घरी करून पाहण्याची हौस अनेकांना असते. मात्र ग्रीक पदार्थ म्हटले की महागडे, आयात केलेले साहित्य डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ग्रीसमधील अनेक पारंपरिक घरगुती पदार्थ शाकाहारी असून, त्यांचे बहुतेक साहित्य वाराणसीच्या बाजारात उपलब्ध आहे.

या नगरीचा ग्रीसशी संबंधही जुना आहे. अथेन्समध्ये १७६० साली जन्मलेले संस्कृत अभ्यासक दिमित्रिओस गलानोस यांनी सुमारे चार दशके काशीत वास्तव्य केले. भगवद्गीता ग्रीक भाषेत नेणाऱ्या या विद्वानाचे १८३३ मध्ये येथेच निधन झाले.

आहारातील साम्यामागे उपवासाची परंपरा आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस, अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य मानतात. त्यामुळे कडधान्ये, भाज्या आणि ऑलिव्ह तेल यांवर आधारित पदार्थ तेथे रुजले.

‘हलवास’ हा त्यांपैकीच एक. एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन वाट्या साखर आणि चार वाट्या पाणी हे त्याचे सर्वपरिचित प्रमाण. रवा तेलात तांबूस भाजून त्यात दालचिनी घातलेला गरम पाक बेताने ओततात. पाक उसळत असल्याने हात जपावा लागतो. तूप-दूध नसलेला हा शिराच म्हणता येईल.

‘फासोलादा’ या सूपसाठी पांढरा राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कांदा, गाजर व टोमॅटोसह पूर्ण शिजवतात. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिनमुळे उलट्या होऊ शकतात. म्हणून येथे घाई नको.

उपवासाव्यतिरिक्त केले जाणारे ‘झाझिकी’ म्हणजे चक्का, पिळून घेतलेली किसलेली काकडी, लसूण व ऑलिव्ह तेल यांची कोशिंबीरच.

शाकाहारी कुटुंबांनी सावध राहावे ते फेटा चीजबाबत. मेंढीच्या आणि कमाल ३० टक्के शेळीच्या दुधापासून होणाऱ्या या चीजसाठी दूध साकळताना पारंपरिक पद्धतीत कोकरू वा करडाच्या जठरातील विकर वापरले जाते. त्यामुळे वेष्टनावरील शाकाहारी चिन्ह पाहूनच खरेदी करावी. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या पनीरला फेट्याची चव येणार नाही. मात्र काकडी-टोमॅटोच्या सॅलडमधील खारटपणाची उणीव त्याने भरून निघते.