रक्ताचा ताळेबंद

गेल्या दिवाळीनंतर बाबांचा रक्ततपासणीचा कागद घरी आला. त्यात 'एलडीएल कोलेस्टेरॉल' या नावापुढची जागा कोरी! आईने धसकाच घेतला. आकडा सांगण्यापलीकडचा असेल, असे तिला वाटले. मी पडलो वाणिज्य शाखेचा. तरी प्रयोगशाळेत जाऊन विचारले, आणि उत्तर निघाले ते वजाबाकीचे.

रक्त गोठल्यावर जो पिवळसर द्रव सुटतो, तो सीरम. त्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ टिसेलियस यांनी १९३७ साली सीरममध्ये विद्युतप्रवाह सोडून ही प्रथिने वेगळी केली. अल्ब्युमिन सर्वांत पुढे धावले. आल्फा, बीटा आणि गॅमा ग्लोब्युलिन मागे राहिले. या कार्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोजच्या तपासणीत एवढा खटाटोप नसतो. मोरचुदाच्या क्षारयुक्त द्रावणात सीरम घातले की जांभळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी प्रथिने अधिक. अल्ब्युमिन दुसऱ्या एका रंगद्रव्याने मोजतात. ग्लोब्युलिन मात्र बहुधा मोजत नाहीत. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करतात.

मेदाचेही तसेच. मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात तो प्रथिनांच्या वेष्टनातून प्रवास करतो. सीरम अतिवेगाने गरगर फिरवले तर हे हलके-जड गठ्ठे वेगळे होतात. पण ते यंत्र महाग आणि काम वेळखाऊ. म्हणून १९७२ साली फ्रीडवाल्ड व सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र दिले : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरेल ते एलडीएल. समजा, एकूण २१०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५०; तर २१० – ४० – ३० = १४०.

पण हा 'पाचवा हिस्सा' म्हणजे अंदाज. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की तो चुकतो. बाबांचे होते ४३०! चुकीची शिल्लक मांडण्यापेक्षा प्रयोगशाळेने जागा कोरी ठेवली. पुढे एलडीएल थेट मोजण्याची चाचणी केली, तेव्हा आकडा मिळाला. तो काळजीचा नव्हता. पथ्य सुरू झाले ते त्या ४३० साठी.

तेरीजपत्रक जुळत नसले की आम्ही विद्यार्थी फरकाची रक्कम उचंत खात्यात ढकलून मोकळे होतो. त्या कोऱ्या जागेने मला शिकवले, की ज्या आकड्याची खात्री नाही तो न लिहिणे, हाही चोख हिशेबच.