केबल म्हणजे दोर नव्हे : कृषिपंपाच्या केबलची निवड व निगा

पन्हाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा वाहते, तर दक्षिण भागातून कासारी. या नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की पाणी तुंबते आणि ते मोटारींनी उपसून काठावरचा ऊस पिकविला जातो. मोटार, स्टार्टर व पाईप यांवर शेतकरी बांधव विचारपूर्वक खर्च करतात. केबल मात्र बहुधा हाताला येईल ती घेतली जाते, आणि पुढे तीच ओढायला, बांधायला, टांगायला वापरली जाते. मोटारी जळणे आणि विजेचा धक्का बसणे या दोन्हींचे एक मोठे कारण येथेच आहे. म्हणून केबल या शब्दाचा अर्थ आणि तिचा योग्य वापर नीट समजून घेणे गरजेचे आहे.

शब्दाचा प्रवास

केबल हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे त्याचा अर्थ जनावर धरण्याचा दोर, म्हणजे आपला कासरा, असा होता. पुढे जहाजाचा नांगर बांधण्याच्या जाड दोराला केबल म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्यात आल्या. पाण्यापासून संरक्षणासाठी त्यांवर आवरण चढवून त्या दोरासारख्या वळल्या होत्या, म्हणून त्यांनाही तेच नाव मिळाले. १८६६ साली युरोप व अमेरिका यांना जोडणारी टिकाऊ केबल पडली आणि १८७० साली मुंबई समुद्री केबलने जोडली गेली. १९९० नंतर गावोगावी दूरचित्रवाणीची केबल आली. मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूचा मुख्य भाग पोलादी केबलींनी तोलून धरलेला आहे.

थोडक्यात, आज एकाच शब्दाला दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक केबल भार ओढते, दुसरी वीज किंवा संदेश वाहते. मोटेच्या काळी नाडा व सोंदूर यांवर सगळा भार असे. मोटारीची केबल दिसायला दोरासारखी असली तरी तिचे काम नाड्याचे नाही.

तार, वायर आणि केबल

खांबावरील उघड्या धातूला आपण तार म्हणतो. एका तारेवर प्लॅस्टिकचे आवरण चढविले की ती वायर. अशा दोन-तीन वायरी एकत्र घेऊन त्यांवर आणखी एक बाह्य आवरण चढविले की ती केबल. पाणबुडी मोटारीला तीन कोअरची चपटी केबल लागते. आतील आवरण वीज अडविते, तर बाहेरचे आवरण पाणी व घासण्यापासून बचाव करते. घरगुती वायरीला हे बाहेरचे आवरण नसते, म्हणून ती पाण्यात सोडू नये.

आकार कसा निवडावा

बाजारात अडीच, चार, सहा एम.एम. अशा नावांनी केबल मिळते. हा आकडा तारेची जाडी नसून तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मि.मी.मध्ये सांगतो. केबल जितकी लांब व बारीक, तितका व्होल्टेज वाटेत अधिक खर्ची पडतो. कमी व्होल्टेजवर तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटार जादा करंट ओढते. करंट १० टक्के वाढला तर वेटोळ्यातील उष्णता सुमारे २१ टक्के वाढते आणि मोटार जळण्याकडे जाते.

५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार सुमारे ८ अँपिअर करंट घेते असे धरल्यास तांब्याच्या केबलमध्ये दर १०० मीटरला होणारी व्होल्टेजची घट पुढीलप्रमाणे येते :

अडीच चौ.मि.मी. : सुमारे ९ व्होल्ट
चार चौ.मि.मी. : सुमारे साडेपाच व्होल्ट
सहा चौ.मि.मी. : सुमारे पावणेचार व्होल्ट

४१५ व्होल्टच्या पुरवठ्यात ही घट ३ टक्के, म्हणजे साधारण १२ व्होल्टच्या आत ठेवावी. यावरून दिसते की अडीचची केबल सुमारे १३० मीटरपर्यंत पुरेल. स्टार्टरची पेटी पुराच्या रेषेवर नेल्यामुळे अंतर ३०० मीटर झाले असेल, तर सहाचीच केबल घ्यावी. अंतर मोजताना विहिरीतील किंवा नदीतील खोलीही धरावी. अ‍ॅल्युमिनियमची केबल वापरल्यास आकार त्या मानाने मोठा घ्यावा. खरेदी करताना आवरणावरील आय.एस.आय. चिन्ह व आकार वाचून पाहावा.

जोड आणि मार्ग

१. शक्यतो अखंड केबल घ्यावी. जोड द्यावाच लागल्यास तिन्ही कोअरचे जोड एकासमोर एक न आणता मागेपुढे ठेवावेत.
२. प्रत्येक जोडावर आधी रबरी व नंतर पी.व्ही.सी. टेप घट्ट गुंडाळावी. जोड १२ तास पाण्यात ठेवून वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावा.
३. उसाच्या सरीतून केबल उघडी नेऊ नये. कोयता, नांगर व उंदीर यांपासून ती वाचत नाही. पाईपमध्ये घालून जमिनीत पुरावी.
४. पाचट पेटविल्यास केबलचे आवरण वितळते. पाचट कुजविल्याने जमीन सुधारते आणि केबलही वाचते.

पुराआधी मोटार काढताना

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनंतर पाणी वाढण्याआधी मोटारी काढण्याची घाई सर्वांनाच असते. नेमक्या याच घाईत केबलला धरून मोटार ओढली जाते. त्यामुळे मोटारीजवळचा जोड सैल होतो, आवरणाला न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या हंगामात तेथून पाणी शिरते. म्हणून मोटार सोडतानाच तिला स्वतंत्र नायलॉनचा किंवा पोलादी दोर बांधावा व केबल पाईपला ढिली बांधून घ्यावी.

मोटार काढण्यापूर्वी केवळ स्टार्टर बंद करून भागत नाही. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व एक माणूस तेथे थांबवावा. सौरपंप असल्यास पॅनेलकडील स्विचही बंद करावा. ऊन असेपर्यंत पॅनेलपासून येणारी वायर जिवंतच राहते. वायरी सोडण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. जोडताना दोन फेज उलटल्यास मोटार उलटी फिरून पाणी कमी देते.

जिवाची काळजी

मोटारीचे अर्थिंग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. केबलला जनावर बांधू नये, तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत. जुनी केबल कुंपणाला किंवा गोठ्यात दोर म्हणून वापरण्याची सवय सोडावी. एखाद्यास धक्का बसल्यास त्याला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने केबल दूर करावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

चांगला दोर व योग्य आकाराची केबल यांचा जादा खर्च मोटार एकदा जरी जळण्यापासून वाचली तरी बराचसा भरून निघतो. माणूस गेला तर तो कशानेही भरून निघत नाही. तेव्हा शेतकरी बंधूंनो, भार दोरावर द्या आणि केबलला फक्त वीज वाहू द्या.