आधी बाहुलीला सुई, मग बाळाला

गंभीर आजाराचे उपचार मोठ्यांनाही सोसवत नाहीत, तिथे चिमुकल्यांचे काय होत असेल? रुग्णालयात खेळाला जागा मिळाली, तर मुलाची भीती खरोखरच कमी होते. मात्र त्यासाठी आईवडिलांना एक जुनी सवय सोडावी लागेल.

'रडलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!' हे वाक्य कधीच उच्चारले गेले नाही असे घर शोधून सापडणे कठीण. मूल जेवत नाही, झोपत नाही, दंगा करते, सगळ्यावर हाच एक रामबाण उपाय. आणि खरोखर सुई घ्यायची वेळ आली की तीच आई म्हणते, 'काही नाही रे, मुंगी चावल्यासारखे वाटेल.' मला लहानपणी आइसक्रीम खायला नेतो असे सांगून एका दवाखान्यात नेले होते. नंतर आइसक्रीम मिळालेही, पण पुढे कित्येक दिवस 'चल, फिरायला जाऊ' असे कुणी म्हटले की मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहत असे.

साध्या तापात ही फसवणूक खपून जाते. पण मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असेल तर?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेणारी बहुतेक मुले आज त्यातून बरी होतात, ही मोठीच दिलाशाची गोष्ट. परंतु हे उपचार सुमारे दोन ते अडीच वर्षे चालतात. वरचेवर रक्ततपासणी, सलाइन, हाडातील मज्जेची तपासणी, पाठीतले पाणी काढणे आणि त्याच वाटेने औषध सोडणे. केस गळतात, तोंड येते, शाळा सुटते. एवढ्या लांबच्या प्रवासात 'मुंगी' किती वेळा चावणार? पहिल्याच आठवड्यात आपण मुलाशी खोटे बोललो, तर पुढची दोन वर्षे ते आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. मग चार जणांनी हातपाय धरून सुई द्यावी लागते आणि दर खेपेला भीती वाढतच जाते.

म्हणूनच मुलांच्या वॉर्डातील खेळाकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालत नाही. मुलाला खरे काय ते सांगण्याचा तो सर्वात सोपा मार्ग आहे.

बाहुलीचा आजार

साहित्य अगदी साधे. कापडाची एक बाहुली, शक्यतो चेहरा न काढलेली, म्हणजे मुलाला हवा तो चेहरा काढता येतो. सुई नसलेली सिरिंज, कापूस, चिकटपट्टी, मास्क, सलाइनच्या नळीचा तुकडा. खेळ घेणारी ताई आधी बाहुलीच्या हातावर रबराचा पट्टा बांधते, 'आता घट्ट वाटेल' म्हणते. ओला कापूस फिरवते, 'आता गार लागेल.' मग सिरिंज टेकवते, 'आता टोचेल, दुखेल. रडले तरी चालेल, हात मात्र हलवायचा नाही.' यात एकही शब्द खोटा नाही. नंतर सिरिंज मुलाच्या हाती जाते आणि रुग्ण असलेले मूल स्वतःच डॉक्टर होते.

इथून पुढचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. मूल बाहुलीला काय सांगते हे कान देऊन ऐकले पाहिजे. 'हिने दूध सांडले ना, म्हणून हिला इंजेक्शन,' असे एखादी पाच वर्षांची मुलगी सहज बोलून जाते. या वयातील मुलांना आजार ही आपल्या खोडीची शिक्षा वाटते, हे बालमानसशास्त्राचे जाणकार वारंवार सांगत आले आहेत. थेट विचारले तर मूल हे कधीच कबूल करणार नाही. बाहुलीच्या तोंडून मात्र ते बाहेर पडते. आणि ही समजूत त्याला कुठून मिळाली? घरातल्या त्या 'डॉक्टरकाका सुई टोचतील'मधून! मग आईला तिथेच सांगता येते, 'नाही ग, दूध सांडल्यामुळे कुणी आजारी पडत नाही. बाहुलीची काही चूक नाही.'

भातुकली किंवा डॉक्टर-डॉक्टर खेळणाऱ्या आपल्या मुलांना हे नवीन मुळीच नाही. रुग्णालयांनाच ते उशिरा समजले. 1952 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर लघुपट काढला, तेव्हा तिथे आईवडिलांना मुलाजवळ राहूच देत नसत. त्या मुलीचा केविलवाणा चेहरा पाहून अनेक डॉक्टर संतापले, ही बदनामी आहे म्हणाले. पुढे 1959 च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलाला भेटण्याची पूर्ण मुभा द्या, अशी शिफारस केली. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे 1955 मध्ये एमा प्लँक या मूळच्या व्हिएन्नाच्या शिक्षिकेने आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचे काम सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत (1989) खेळणे हा मुलाचा हक्कच मानला आहे आणि भारतानेही 1992 मध्ये ती संहिता स्वीकारली.

'आत येऊ का?'

रुग्णालयात मुलाला कुणी काही विचारत नाही. केव्हा उठायचे, काय खायचे, कोणत्या हाताला टोचायचे, सगळे दुसरेच ठरवतात. सुई टाळता येत नाही हे खरे. पण डाव्या हाताला की उजव्या, लाल पट्टी की निळी, आईच्या मांडीवर बसून की कॉटवर, एवढे तर विचारता येते! आडवे पाडून दाबून धरण्यापेक्षा आईच्या कुशीत बसवून सुई दिली, तर लहान मूल कमी घाबरते. साबणाच्या पाण्याचे फुगे फुंकायला दिले की लक्ष तिकडे जातेच, शिवाय लांब श्वास सोडल्याने अंगही सैल पडते. सुईच्या वेदनेवरील प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या 2018 च्या अहवालातही लक्ष दुसरीकडे वळवण्याच्या उपायांनी मुलांची वेदना व भीती कमी होते, असे आढळले. त्वचा बधिर करणारे मलमही मिळते, पण ते सुमारे तासभर आधी लावावे लागते. डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा, संकोच कशाला?

न्यूयॉर्कच्या बिग अॅपल सर्कसमधील मायकेल ख्रिस्तेन्सन यांनी 1986 मध्ये विदूषकांना मुलांच्या वॉर्डात नेण्याचा उपक्रम सुरू केला. आता लाल नाकाचे 'डॉक्टर' भारतातील रुग्णालयांतही दिसतात. चांगला विदूषक दारातच थांबतो आणि 'आत येऊ का?' म्हणून विचारतो. मूल 'नको' म्हणाले, तर निमूटपणे परत जातो. त्या मुलाचे दिवसभरात कुणी ऐकलेले ते कदाचित एकमेव 'नको' असते. जिथे खेळाची वेगळी खोली आहे, तिथेही नियम असा की त्या खोलीत कुणालाही सुई टोचायची नाही, मोठ्या डॉक्टरांनीही नाही.

स्टॅच्यू!

एमआरआयच्या यंत्रात मुलाला बराच वेळ न हलता पडून राहावे लागते आणि यंत्र तर ठणाठण आवाज करते. जनरल इलेक्ट्रिकचे डिझायनर डग डिट्झ यांनी आपण बनवलेल्या यंत्रासमोर एक लहान मुलगी रडताना पाहिली आणि ते हादरले. मग त्यांनी पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात तपासणीची खोलीच चाच्यांच्या जहाजासारखी रंगवून घेतली. मूल आता 'जहाजात' शिरते आणि लपून बसते. यंत्र तेच, आवाज तोच, पण गुंगीचे औषध लागणाऱ्या मुलांची संख्या खूप घटली.

एवढा खर्च आपल्याकडे कुठून करणार, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडे 'स्टॅच्यू'चा खेळ आहेच की! टेबलाखाली चादरीचा बोगदा करा, मुलाला आत झोपवा, बाहेरून ताट वाजवा आणि म्हणा, 'स्टॅच्यू!' आधी अर्धा मिनिट, मग दोन मिनिटे, मग पाच. किरणोपचारात मुलाला खोलीत एकटेच राहावे लागते आणि डोके हलू नये म्हणून कधी चेहऱ्यावर जाळीदार साचा बसवतात. तो साचा आवडत्या नायकाच्या मुखवट्यासारखा रंगवून मिळाला, तर तेच मूल तो ऐटीत मिरवते.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुले येतात. कुणी बिहारचे, कुणी बंगालचे, कुणी आसामचे. परिचारिकेची भाषा वेगळी, शेजारच्या कॉटवरची वेगळी. कित्येक कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्महिने राहतात. 2006 पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्थाही अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देत आली आहे. एका खोलीत एवढ्या भाषा जमल्या की औषधाचा कागद समजावताना मोठ्यांची तारांबळ उडते. बाहुलीला मात्र दुभाषा लागत नाही.

घरी खेळ घेताना काही पथ्ये पाळावीच लागतात. उपचारांत पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून खेळणी धुता येतील अशीच द्या, बाहुलीही धुवायच्या कापडाची हवी. माती नको, दुसऱ्या आजारी मुलांची उष्टी खेळणी नकोत. प्लेटलेट्स कमी असतील तेव्हा उड्या मारण्याचे खेळ बंद. दोन-तीन वर्षांच्या मुलाला सुईबद्दल थोडेच आधी सांगा, आठवडाभर आधी सांगून त्याची झोप उडवू नका. शाळकरी मुलाला मात्र दोन-चार दिवस आधी कळलेले बरे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलापुढे बाहुली ठेवलीत तर ते तोंड फिरवील. त्याला पत्ते, कॅरम, गाणी द्या आणि डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

आणि एखाद्या दिवशी कोणतेही मूल खेळायला नकार देईल. औषधाने मळमळत असते, अंगात त्राण नसते, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहते. त्या दिवशी 'बघ, ताई किती छान खेळ घेऊन आली' असा आग्रह धरू नका. खेळण्यांचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा आणि जवळच बसून बाहुलीला स्वतःच पट्टी बांधत राहा. चुकीच्या हाताला बांधा. बहुधा थोड्या वेळाने पाठमोऱ्या मुलाचा आवाज येतो, 'तो नाही, काल तिचा डावा हात होता.'