संगणकाचे लेखन : टोपलीने की फळाफळाने?

पांढुर्णा व सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. बागेत तोडलेले एकेक फळ घेऊन कोणी बाजार गाठीत नाही. आधी टोपली भरते, मग गाडी. संगणकाचे लेखनही बहुधा याच रीतीने चालते.

समजा, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून विलग झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील बागायतदारांची यादी ‘सी’ भाषेतील प्रोग्रामद्वारे एक्सएमएल स्वरूपात लिहावयाची आहे. एक्सएमएल ही १९९८ मध्ये मान्यता पावलेली मांडणी असून तीत प्रत्येक माहितीस आरंभखूण व समाप्तिखूण असते. यूटीएफ-८ पद्धतीत ‘पांढुर्णा’ हे नाव ९ चिन्हांचे, म्हणजे २७ बाइटांचे होते. बाइटामागून बाइट थेट लिहिल्यास या एका नावासाठी संगणकाच्या कार्यप्रणालीकडे २७ वेळा विनंती करावी लागते. त्याऐवजी ‘बफर’ नामक साठ्यात मजकूर जमवून तो भरताच एकदम पाठविला जातो. ४०९६ बाइटांच्या बफरात अशी १५१ नावे मावतात. वेळेची बचत उघड आहे.

मात्र प्रोग्राम अकस्मात बंद पडल्यास बफरातील मजकूर नाहीसा होतो. यादी एखाद्या अक्षराच्या मध्यावरही तुटू शकते. एक्सएमएलचा नियम येथे कठोर आहे : शेवटची एक समाप्तिखूण नसली तरी वाचणाऱ्या प्रोग्रामने ती फाइल सदोष ठरवावयाची असते. मग हजारो बागायतदारांची बिनचूक नावेही अडकून पडतात.

थेट लेखन केले की यादी सुरक्षित झाली, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. थेट लिहिलेली यादीही अर्ध्यावर थांबली तर तिची समाप्तिखूण उरत नाहीच. शिवाय कार्यप्रणालीकडे सोपविलेला मजकूर त्याच क्षणी डिस्कवर पोचतो असेही नाही. वीज गेल्यास तोही गमावण्याचा संभव असतो. युनिक्स प्रणालींत त्यासाठी ‘एफसिंक’ ही वेगळी आज्ञा आहे.

म्हणून जाणते प्रोग्रामकार बफर वापरूनच, पण तात्पुरत्या नावाच्या फाइलीत यादी लिहितात. ‘एफक्लोज’ने ती बंद करताना मिळणारे उत्तर तपासणे अगत्याचे, डिस्क भरल्याची वार्ता पुष्कळदा तेथेच कळते. सर्व ठीक असल्यास फाइलीस खरे नाव द्यावे, तोवर जुनी यादी जशीच्या तशी राहते.

त्रुटिसंदेशांचा मार्ग मात्र ‘सी’मध्ये मुळातच बफरविरहित ठेवलेला आहे. त्यामुळे बिघाडाची सूचना पडद्यावर दिसते, आणि तिच्या आधीच्या नोंदी फाइलीत सापडत नाहीत. अशा वेळी दोष शोधणाऱ्याने फाइलीतील शेवटच्या ओळीवर विसंबू नये. काम तिच्यापुढेही झालेले असू शकते.